सुमो : रिंगणातील देवपूजा

तोक्यो शहराच्या ऱ्योगोकु भागातील कोकुगिकान या भव्य सभागृहात सायंकाळच्या सुमारास प्रमुख श्रेणीच्या कुस्त्यांना प्रारंभ होतो. दोन महाकाय मल्ल मातीच्या चौथऱ्यावर चढतात, पाण्याने मुख शुद्ध करतात, मूठभर मीठ हवेत उधळतात आणि एकमेकांसमोर उकिडवे बसून रोखून पाहतात. आता झुंज जुंपणार असे वाटत असतानाच दोघेही शांतपणे उठतात व आपापल्या कोपऱ्याकडे परततात. पुन्हा मीठ, पुन्हा तीच बैठक, पुन्हा तीच नजरानजर. हा क्रम जवळजवळ चार मिनिटे चालतो. त्यानंतरची प्रत्यक्ष कुस्ती मात्र बहुधा काही सेकंदांतच निकालात निघते.

प्रथमच सुमो पाहणाऱ्या प्रेक्षकाच्या मनात साहजिकच प्रश्न उभा राहतो. काही सेकंदांच्या झुंजीसाठी एवढा खटाटोप कशासाठी? जपानमधील जाणकार प्रेक्षक याचे उत्तर वेगळ्या दिशेने देईल. त्याच्या दृष्टीने ती चार मिनिटेही सुमोच होत. झुंज हा एका मोठ्या विधीचा शेवटचा टप्पा असतो आणि तो विधी ज्याला उमगला, त्यालाच सुमोचे मर्म कळले असे मानले जाते.

पुराणकथांतील मल्ल

शिन्तो हा जपानचा प्राचीन धर्म. पर्वत, वृक्ष, नद्या, धान्य, पूर्वज अशा सर्वांच्या ठायी वास करणाऱ्या दैवी शक्तींना तेथे ‘कामी’ म्हणतात. सुमोची मुळे या कामींच्या कथांपर्यंत जाऊन पोहोचतात. इ. स. ७१२ मध्ये सिद्ध झालेल्या ‘कोजिकी’ या ग्रंथात इझुमो प्रांताच्या समुद्रकिनाऱ्यावर झालेल्या एका बलपरीक्षेची कथा आहे. भूमीवर सत्ता कोणाची, या प्रश्नाचा निर्णय करण्यासाठी ताकेमिकाझुची आणि ताकेमिनाकाता हे दोन देव परस्परांना भिडले. ताकेमिकाझुचीने प्रतिस्पर्ध्याचा हात कोवळ्या वेताप्रमाणे चुरगाळून त्याला भिरकावून दिले आणि भूमीचा प्रश्न सुटला. काशिमा येथील देवता म्हणून पूजल्या जाणाऱ्या याच ताकेमिकाझुचीला आजही सुमोच्या रिंगणात आवाहन केले जाते.

इ. स. ७२० मधील ‘निहोन शोकी’ या ग्रंथात देवांऐवजी माणसांची कुस्ती येते. आपल्या तोडीचा मल्ल पृथ्वीवर नाही, अशी बढाई ताइमा नो केहाया मारीत असे. सम्राट सुइनिन यांनी इझुमोहून नोमी नो सुकुने याला पाचारण केले. दोघांनी एकमेकांवर लाथांचे प्रहार केले आणि अखेर सुकुनेने केहायाच्या बरगड्या व कंबर मोडून त्याचा प्राण घेतला. आजच्या सुमोशी या झुंजीचे साम्य फारसे नाही. तरीही सुकुनेला सुमोचा आद्यपुरुष मानले जाते आणि ऱ्योगोकुनजीक त्याचे छोटे देवालय आहे. याच सुकुनेविषयी त्या ग्रंथात आणखी एक कथा आहे. तिच्याकडे आपण लेखाच्या अखेरीस वळू.

भाताचे पीक आणि अदृश्य प्रतिस्पर्धी

राजदरबाराच्या कितीतरी आधी सुमो शेतकऱ्यांचा होता. भाताची लावणी आणि कापणी या दोन्ही प्रसंगी देवालयाच्या प्रांगणात कुस्ती खेळून कामींना संतुष्ट करावयाचे आणि पुढील पिकाचा कौल घ्यावयाचा, अशी प्रथा अनेक प्रांतांत होती. तिचे अत्यंत मनोवेधक रूप एहिमे प्रांतातील ओमिशिमा बेटावर पाहावयास मिळते. तेथील ओयामाझुमि देवालयात ‘हितोरि-झुमो’, म्हणजे एकट्याचा सुमो, होतो. रिंगणात मल्ल एकच असतो. त्याचा प्रतिस्पर्धी असतो भाताचा आत्मा, जो कोणाला दिसत नाही. मल्ल हवेतच पकड घेतो, रेटा देतो, तोल सावरतो आणि कोसळतो. तीन फेऱ्यांपैकी दोन फेऱ्या अदृश्य प्रतिस्पर्धीच जिंकतो. देव जिंकला म्हणजे पीक चांगले येणार, अशी श्रद्धा त्यामागे आहे.

ज्या खेळात माणसाने हरणे हेच शुभ मानले जाते, त्याला केवळ क्रीडा म्हणणे कठीण आहे. आपला पराभव हाच नैवेद्य, असा भाव येथे आहे.

दरबारातून देवळाच्या अंगणात

इ. स. ७३४ मध्ये सम्राट शोमु यांनी सातव्या महिन्याच्या सप्तमीस सुमोच्या कुस्त्या पाहिल्याची नोंद सापडते. पुढे हेइआन काळात प्रांतोप्रांतींचे मल्ल राजधानीत बोलावून वार्षिक समारंभ भरविण्यात येऊ लागला. बाराव्या शतकात, ११७४ नंतर, हा दरबारी समारंभ बंद पडला. त्यानंतरच्या युद्धमय काळात सुमो सामुराई योद्ध्यांच्या शिक्षणाचा भाग बनला.

एदो काळात, म्हणजे सतराव्या शतकापासून, सुमोला नवे आश्रयस्थान लाभले. मंदिरे व देवालये यांच्या बांधकामासाठी आणि जीर्णोद्धारासाठी निधी उभारण्याकरिता कुस्त्यांचे जाहीर प्रयोग होऊ लागले. त्यांना ‘कानजिन-झुमो’ असे नाव होते. ‘कानजिन’ म्हणजे धर्मकार्यासाठी वर्गणी गोळा करणे. १६८४ मध्ये एदो शहरातील तोमिओका हाचिमान देवालयात अशा कुस्त्यांना अधिकृत परवानगी मिळाली. १८३३ पासून एकोइन या बौद्ध मंदिराचे अंगण हे सुमोचे प्रमुख केंद्र बनले. तेथून जवळच १९०९ मध्ये पहिले कोकुगिकान उभे राहिले. व्यावसायिक सुमोचा जन्म अशा रीतीने देवळाच्या अंगणात आणि धर्मकार्याच्या निधीतून झाला आहे.

चौथऱ्याची प्राणप्रतिष्ठा

कुस्तीच्या रिंगणाला ‘दोह्यो’ म्हणतात. चिकणमाती ठोकून तयार केलेला हा चौथरा सुमारे ६.७ मीटर लांबीरुंदीचा असून त्यावर ४.५५ मीटर व्यासाचे वर्तुळ असते. भाताच्या पेंढ्यात माती भरून केलेल्या गुंडाळ्या अर्ध्या जमिनीत पुरून हे वर्तुळ आखले जाते. ‘योबिदाशी’ या नावाने ओळखले जाणारे सेवक हे काम हातांनी करतात. पेंढ्याच्या गुंडाळ्यांना ठोकून आकार देण्यासाठी ते बिअरच्या रिकाम्या बाटल्या वापरतात, हे वाचून कौतुक वाटेल. चार दिशांना असलेल्या चार गुंडाळ्या वर्तुळाच्या किंचित बाहेर सरकवलेल्या असतात. कुस्त्या उघड्यावर होत असत, तेव्हा रिंगणातील पावसाचे पाणी निघून जावे यासाठी ठेवलेल्या फटींची ती आठवण आहे.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी या मातीला देवत्व प्राप्त होते. ‘दोह्यो-मात्सुरी’ नावाच्या विधीत ‘ग्योजी’, म्हणजे कुस्तीचे पंच, शुभ्र वस्त्रे परिधान करून पुरोहिताचे काम करतात. चौथऱ्याच्या मध्यभागी खोदलेल्या छोट्या खड्ड्यात धुतलेले तांदूळ, मीठ, सुकवलेले चेस्टनट, काया वृक्षाची फळे, कोंबु हे समुद्रशैवाल आणि सुकवलेला माकूल अशा सहा वस्तू पुरल्या जातात. वर तांदळाच्या मद्याचे अर्घ्य दिले जाते. पुढील पंधरा दिवस मल्ल ज्या मातीवर पाय रोवतात, तिच्या पोटात अशा प्रकारे भूमीचा आणि समुद्राचा नैवेद्य असतो.

चौथऱ्यावर सुमारे सहा टन वजनाचे छप्पर अधांतरी टांगलेले असते. त्याची घडण इसे येथील महादेवालयाच्या वास्तुशैलीची आहे. छपराच्या चार कोपऱ्यांना चार प्रचंड गोंडे असतात. हिरवा गोंडा पूर्वेचा व वसंताचा, तांबडा दक्षिणेचा व ग्रीष्माचा, पांढरा पश्चिमेचा व शरदाचा, तर काळा उत्तरेचा व हिवाळ्याचा. त्या त्या दिशेचे रक्षण अनुक्रमे निळा नाग, शेंदरी पक्षी, पांढरा वाघ आणि काळे कासव करतात, अशी चीनमधून आलेली कल्पना आहे.

झुंजीपूर्वीची चार मिनिटे

आता आरंभीच्या त्या चार मिनिटांकडे पुन्हा वळू. रिंगणापाशी आलेल्या मल्लाला दुसरा मल्ल लाकडी पळीतून पाणी देतो. या पाण्याला ‘चिकारा-मिझु’ म्हणजे बलजल असे नाव आहे. आधीची कुस्ती जिंकलेल्या मल्लाने ते द्यावे. पराभूताच्या हातून ते घेत नाहीत. देवालयात प्रवेश करण्यापूर्वी हात आणि मुख धुण्याच्या शिन्तो प्रथेचेच हे रूप आहे.

त्यानंतर मीठ. शिन्तो आचारात मीठ हे शुद्धीचे साधन होय. स्पर्धेच्या एका दिवसात सुमारे ४५ किलो मीठ रिंगणात उधळले जाते असे सांगतात. हा मान मात्र सर्वांना मिळत नाही. सुमोच्या सहा श्रेणींपैकी वरच्या दोन श्रेणींतील मल्लच सामान्यतः मीठ उधळू शकतात. खालच्या श्रेणींतील तरुणांना नियमित वेतन नसते आणि मिठाची मूठही नसते. त्यामुळे आयुष्यातील पहिली मिठाची मूठ ही त्या मल्लाच्या कित्येक वर्षांच्या कष्टांची पावती ठरते.

मल्ल उकिडवा बसतो, तळहात एकमेकांवर घासतो, टाळी वाजवतो आणि दोन्ही बाहू पसरून तळहात आधी वर व मग खाली करतो. टाळी देवाचे लक्ष वेधण्यासाठी, तर उघडे तळहात आपल्यापाशी कोणतेही शस्त्र लपवलेले नाही हे दाखविण्यासाठी असतात. पुढे ‘शिको’ येतो. एक पाय उंच उचलून तो दाणकन भूमीवर आपटावयाचा आणि मग दुसरा. व्यायाम म्हणून त्याचे मोल आहेच; परंतु भूमीत दडलेल्या दुष्ट शक्तींना दाबून टाकण्याचे सामर्थ्य त्या पदाघातात आहे, अशी जुनी श्रद्धा आहे. मार्च २०२० मध्ये महासाथीमुळे ओसाका येथील स्पर्धा प्रेक्षकांविना घ्यावी लागली, तेव्हा सुमो संघटनेचे अध्यक्ष हाक्काकु यांनी रिकाम्या सभागृहात केलेल्या भाषणात याच श्रद्धेचे स्मरण करून दिले होते.

यानंतर येतो तो निर्णायक क्षण. सुमोमध्ये प्रारंभाची शिटी नाही, घंटा नाही. दोन्ही मल्लांनी मुठी जमिनीला टेकविल्या आणि दोघांचे श्वास जुळले, की त्याच क्षणी झुंज सुरू होते. या जुळण्याला जपानी भाषेत ‘आ-उन’चा श्वास म्हणतात. भारतीय वाचकांना हे शब्द दूरचे वाटू नयेत. बौद्ध धर्माबरोबर भारतातून चीनमार्गे गेलेल्या संस्कृत ‘अ’ आणि ‘हुं’ या अक्षरांचीच ती जपानी रूपे आहेत. पहिले अक्षर आरंभाचे, दुसरे समाप्तीचे. जपानी मंदिरांच्या महाद्वारावरील दोन रक्षकमूर्तींपैकी एकीचे मुख उघडे आणि दुसरीचे मिटलेले असते, ते याच दोन ध्वनींसाठी. एकमेकांना पाडावयास निघालेल्या दोन मल्लांना झुंज सुरू करण्यासाठी आधी एकमत व्हावे लागते, ही गोष्ट किती अर्थपूर्ण आहे!

पूर्वी या तयारीला कालमर्यादा नव्हती. १९२८ मध्ये आकाशवाणीवरून प्रक्षेपण सुरू झाले तेव्हा ती प्रमुख श्रेणीसाठी दहा मिनिटांवर आणली गेली. आज ती चार मिनिटे आहे.

कमरेला बांधलेले देवालय

सुमोमधील सर्वोच्च पदाला ‘योकोझुना’ म्हणतात. हा शब्द मूळचा पदाचा नसून मल्लाच्या कमरेभोवती बांधलेल्या जाड शुभ्र दोराचा आहे. शिन्तो देवालयाच्या दाराशी किंवा पवित्र वृक्षाभोवती ‘शिमेनावा’ नावाचा दोर बांधतात; त्याच्या आत देवाची जागा सुरू होते. योकोझुनाच्या दोराला त्याच शिमेनावाप्रमाणे कागदाच्या नागमोडी शुभ्र पट्ट्या लटकत असतात. मल्लाचे शरीरच जणू त्या दिवसापुरते देवालय बनते. तागाचा हा दोर त्याच्या तालमीतील सहकारी एकत्र येऊन पीळ देत तयार करतात.

१७८९ मध्ये तानिकाझे आणि ओनोगावा या दोन मल्लांना असा दोर परिधान करण्याचा अधिकृत परवाना मिळाला. मे २०२५ मध्ये ओनोसातो याची निवड झाली, तेव्हा परंपरेच्या गणनेनुसार तो ७५ वा योकोझुना ठरला. नवा योकोझुना आपला पहिला रिंगणप्रवेश-विधी तोक्योतील मेइजी देवालयात अर्पण करतो. या पदावरून कोणाचीही पदावनती होत नाही. कामगिरी खालावली किंवा आचरण ढळले, तर निवृत्ती हाच एक मार्ग उरतो. म्हणून या पदासाठी बळाइतकाच ‘हिनकाकु’, म्हणजे आचरणातील प्रतिष्ठा, हा गुण पाहिला जातो.

ही प्रतिष्ठा विजयाच्या क्षणीच अधिक कसाला लागते. जिंकलेल्या मल्लाने हर्ष व्यक्त करावयाचा नसतो. दोघेही परस्परांना वाकून नमस्कार करतात. पराभूत मल्ल निघून जातो आणि विजेता उकिडवा बसून पंचाच्या पंख्यावरील बक्षिसाची पाकिटे स्वीकारतो. ती घेण्यापूर्वी तो हाताने तीन वेळा हवा कापल्यासारखी खूण करतो. सृष्टीच्या आरंभीच्या तीन देवतांना केलेले ते वंदन मानले जाते. बक्षिसाची काही रक्कम मल्लाच्या हाती रोख पडते आणि काही रक्कम पुढील करभरण्यासाठी संघटना त्याच्या नावे बाजूला ठेवते. विजयाच्या उन्मादात उद्याचा विसर पडू नये, ही दक्षता बँकेच्या वाचकांना निश्चितच आवडेल.

सप्टेंबर २००९ मध्ये मंगोलियात जन्मलेल्या आसाशोर्यु या योकोझुनाने विजेतेपद पटकावल्यावर रिंगणातच दोन्ही हात उंचावले. इतर कोणत्याही खेळात ज्याकडे कोणी लक्षही दिले नसते, त्या कृतीबद्दल त्याला समज देण्यात आली.

जुने किती, नवे किती?

हे सारे विधी अनादी कालापासून जसेच्या तसे चालत आले आहेत, असा आपला ग्रह होण्याची शक्यता आहे. वस्तुस्थिती अधिक उद्बोधक आहे. १८६८ नंतरच्या आधुनिकीकरणाच्या लाटेत अर्धनग्न मल्लांचा हा खेळ रानटी व लज्जास्पद ठरविला जाऊ लागला होता. १८८४ मध्ये सम्राट मेइजी यांच्या उपस्थितीत कुस्त्या झाल्या आणि सुमोला पुन्हा मान मिळाला. पंचांचा आजचा मध्ययुगीन धाटणीचा वेष १९१० च्या सुमारास आला. इसेच्या शैलीचे छप्पर १९३१ मधील आहे. त्या छपराला आधार देणारे चार खांब १९५२ मध्ये काढण्यात आले आणि त्यांच्या जागी रंगीत गोंडे आले. श्रद्धा प्राचीन आहे; तिचा पेहराव मात्र वेळोवेळी बदलला आहे.

विधीचे पावित्र्य माणसांना आपोआप पवित्र करीत नाही, याचा अनुभवही सुमोने घेतला आहे. २०११ मध्ये काही मल्लांनी संगनमताने कुस्त्यांचे निकाल ठरविल्याचे उघड झाले आणि मार्चमधील ओसाका येथील स्पर्धा रद्द करावी लागली. मीठ रोज उधळले जात होते. पण मने शुद्ध राहिली नव्हती.

याहून अवघड प्रसंग ४ एप्रिल २०१८ रोजी क्योतो प्रांतातील माइझुरु येथे उद्भवला. व्यावसायिक सुमोच्या प्रथेनुसार स्त्रियांना दोह्योवर पाऊल ठेवता येत नाही. त्या दिवशी चौथऱ्यावर भाषण करीत असताना शहराचे महापौर एकाएकी कोसळले. प्रेक्षकांतील काही स्त्रिया धावत वर गेल्या आणि त्यांनी प्रथमोपचार सुरू केले. तेवढ्यात ध्वनिक्षेपकावरून एका पंचाने स्त्रियांनी चौथऱ्यावरून खाली उतरावे असे पुनःपुन्हा सांगितले. महापौरांचे प्राण वाचले. सुमो संघटनेच्या अध्यक्षांनी, जिवाचा प्रश्न असताना अशी सूचना देणे अनुचित होते, असे सांगून क्षमा मागितली. स्त्रियांवरील निर्बंध मात्र कायम राहिला. दोनच दिवसांनी ताकाराझुका शहराच्या महिला महापौरांना आपले भाषण चौथऱ्याच्या बाजूला उभे राहून करावे लागले. या प्रथेविषयी जपानमध्ये आजही मतभेद आहेत.

येथे नोमी नो सुकुनेची ती दुसरी कथा आठवते. त्या काळी राजघराण्यातील व्यक्तीच्या निधनानंतर तिच्या सेवकांना जिवंत पुरण्याची प्रथा होती, असे ‘निहोन शोकी’ सांगते. सम्राज्ञीचे निधन झाले, तेव्हा सुकुनेने माणसांऐवजी मातीच्या मूर्ती पुराव्यात असे सुचविले आणि सम्राटांनी ते मान्य केले. सुमो ज्याला आपला आद्यपुरुष मानतो, त्याने विधी मोडला नाही. मात्र माणसाचा जीव वाचेल अशा रीतीने तो बदलला. परंपरेच्या रक्षकांना मार्गदर्शन हवे असेल, तर ते परंपरेच्या मुळापाशीच उपलब्ध आहे.

देवांना निरोप

पंधराव्या दिवशी अंतिम कुस्ती होते, चषक दिले जातात आणि प्रेक्षक परतू लागतात. त्यानंतर एक छोटासा विधी होतो. कागदी पट्ट्यांची देवचिन्हांकित काठी हाती घेतलेल्या एका पंचाला तरुण मल्ल उचलतात आणि आनंदाने हवेत उडवून झेलतात. पंधरवडाभर वस्तीला आलेल्या देवांना दिलेला हा निरोप असतो. त्यानंतर तो चौथरा पुन्हा निव्वळ माती होतो. पुढील स्पर्धेसाठी माती नव्याने ठोकली जाईल, पेंढ्याच्या गुंडाळ्या पुन्हा वळल्या जातील, सहा वस्तू पुन्हा पुरल्या जातील आणि देवांना पुन्हा बोलावले जाईल. वर्षातून सहा वेळा हे घडते.

सुमोच्या रिंगणातील पावित्र्य कायमचे नसते. दर खेपेस ते माणसांच्या हातांनी, कष्टांनी आणि नम्रतेने निर्माण करावे लागते. कदाचित म्हणूनच काही सेकंदांच्या झुंजीपूर्वीची ती चार मिनिटे जपानी प्रेक्षकांना मुळीच लांब वाटत नसावीत.